'इतर'च्या रकान्यातली मासळी

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



'खुली मानकं' आणि 'मत्स्य-आकडेवारी' असे दोन जड शब्द विषयाच्या नावात असूनही एवढी माणसं आली, याचं मला आश्चर्य वाटतंय. कोणी जेवणाच्या आशेने आलं असेल तर आधीच सांगतो, संयोजकांनी फक्त चहा ठेवलाय. (हशा) आणखी एक. 'डेटा'ला 'विदा' म्हणावं असा आग्रह धरणारे दोघे मित्र समोर बसलेत. त्यांची माफी मागून मी डेटाच म्हणणार, कारण ज्या तांडेलांशी आणि सोसायटीच्या सेक्रेटरींशी मी या विषयावर बोलत आलोय, तेही डेटाच म्हणतात.

आज मी समीक्षा करणार आहे. पुस्तकाची करतात, नाटकाची करतात, तशी रकान्यांची. रकाने कुणीतरी बसून ठरवलेले असतात. काय विचारायचं, कुठल्या शब्दात विचारायचं, काय सोडून द्यायचं, हे ठरवणारा माणूस एक प्रकारचा लेखकच असतो. फक्त त्याचं नाव मुखपृष्ठावर नसतं आणि त्याची कोणी परीक्षणं लिहीत नाही.

बाजारापासून सुरुवात करू. मुंबईत तुम्ही सुरमई मागता, सिंधुदुर्गात इसवण. पिशवीत मासा एकच पडतो. सरंगा आणि पापलेट, तेही तसंच. आता उलटी गंमत बघा. हलव्याला इंग्रजीत ब्लॅक पॉम्फ्रेट म्हणतात, पण तो पापलेटाच्या कुळातला नाहीच. तो कॅरँजिडी कुळातला, वेगळ्याच घराण्यातला मासा. खाणाऱ्याला याने काही फरक पडत नाही, मोजणाऱ्याला पडतो. वीस गावांनी वीस नावांनी लिहिलं तर बेरीज कशाची करायची?

या अडचणीवर जगाने काढलेला तोडगा म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेची, एफएओची, 'ॲस्फिस' नावाची यादी. प्रत्येक जातीला किंवा गटाला तीन रोमन अक्षरांचा एक कोड. यलोफिन कुपा म्हणजे वाय-एफ-टी, स्किपजॅक म्हणजे एस-के-जे, अटलांटिक कॉड म्हणजे सी-ओ-डी. यादी फुकट उतरवून घेता येते. जगातल्या बहुतेक मत्स्य-सॉफ्टवेअरचं व्याकरण या तीन अक्षरांवर उभं आहे. तीन अक्षरांच्या १७,५७६ जोड्या होतात आणि यादीत आजच १३,००० हून जास्त नोंदी आहेत, म्हणजे घर भरत आलंय. पण माझी तक्रार तिथे नाही. खरं सांगायचं तर ही यादी मला आवडते. कोरडी आहे, नेटकी आहे, आणि तिने दुसऱ्या देशातल्या माणसाशी भांडण्याची सोय करून दिली आहे.

भांडण हा शब्द मी मुद्दाम वापरला. २०१६ मध्ये डॅनियल पॉली आणि डर्क झेलर यांनी एक मोठं काम प्रसिद्ध केलं. १९५० ते २०१० या काळातली जगाची मासेमारी त्यांनी देशागणिक नव्याने मांडली. एफएओच्या कोष्टकांप्रमाणे १९९६ साली जगाची सागरी मासेमारी ८.६ कोटी टनांवर टेकली होती. यांच्या हिशोबाने ती १३ कोटी टन होती. एवढी तफावत कशी आली? बऱ्याच देशांमध्ये घरी खाण्यासाठी केलेली, लहान होडीची, किनाऱ्यावर पायी चालत केलेली मासेमारी कोणी मोजलेलीच नसते. त्या रकान्यात काही लिहिलेलं नसतं. बेरीज करताना कोऱ्या रकान्याचं शून्य होतं. शिवाय एफएओ जे मोजते त्याची व्याख्याच अशी आहे की किनाऱ्यावर उतरवलेला मासा, त्याचं ताज्या अख्ख्या माशाइतकं वजन धरून. जाळ्यात आलेला पण पाण्यात परत फेकून दिलेला मासा त्या व्याख्येत बसत नाही. पॉलींचे आकडेही वादग्रस्त ठरले, त्यांच्यावर टीका झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण तो वाद होऊ शकला, कारण मूळ कोष्टकं सगळ्यांसाठी उघडी होती आणि प्रत्येक आकड्याला तोच कोड होता. कुलूपबंद आकड्यांवर वाद होत नाही, नुसता संशय घेतला जातो.

कोरा रकाना आणि शून्य. हे दोन वेगळे आहेत, एवढं जरी आज तुमच्याबरोबर घरी गेलं तरी माझं काम झालं. एफएओ स्वतः अंदाज बांधते तेव्हा त्या आकड्याला वेगळी खूण लावते. आपण काय करतो? कोष्टक एक्सेलमध्ये चिकटवतो, खुणा गळून पडतात, आणि अंदाज व मोजणी एकाच पंगतीला जेवायला बसतात.

आता आपल्या दारात येऊ.

भारतात सागरी मासळीचे दोन आकडे शेजारी-शेजारी नांदतात. एक कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचा, म्हणजे सीएमएफआरआयचा. त्यांची पद्धत नमुना-पाहणीची: किनाऱ्याचे विभाग करायचे, मासळी उतरवण्याची केंद्रं आणि दिवस निवडायचे, त्या दिवशी आलेल्या काही होड्यांचा मासा पाहायचा, आणि त्यावरून सगळ्याचा अंदाज करायचा. ही पद्धत अनेक दशकं घासूनपुसून चालत आलेली आहे, आणि उष्ण कटिबंधातल्या एवढ्या सरमिसळ मासेमारीसाठी ती भक्कम मानली जाते. दुसरा आकडा राज्यांच्या मत्स्य विभागांकडून केंद्राकडे जातो. सीएमएफआरआयने २०२२ सालासाठी ३४.९ लाख टन सांगितले. केंद्र सरकारच्या आकडेवारीत २०२२-२३ साठी सागरी उत्पादन ४४.३२ लाख टन आहे. फरक नऊ लाख टनांहून जास्त.

कोणी खोटं बोलतंय असं लगेच म्हणू नका. एक आकडा जानेवारी ते डिसेंबर, दुसरा एप्रिल ते मार्च. एक मुख्य भूमीच्या किनाऱ्यापुरता, दुसऱ्यात बेटंही धरलेली. मोजण्याच्या रीती वेगळ्या. एवढं सगळं धरूनही नऊ लाख टनांपैकी किती कशामुळे, हे मला माझ्या टेबलावर बसून सोडवता येत नाही. मला आकडा मिळतो, आकड्याची जन्मपत्रिका मिळत नाही. आणि मिळतो तो बहुतेक वेळा पीडीएफमध्ये. पीडीएफ म्हणजे डेटाची ममी. दिसतो, ओळखू येतो, पण चालवता येत नाही. (हशा)

खुलं मानक इथे नेमकं उपयोगी पडतं. मानकात 'वर्ष कुठलं' हा सक्तीचा रकाना असतो, 'पद्धत कुठली' हा असतो, 'भूभाग कुठला' हा असतो. एफएओने सगळे समुद्र क्रमांक देऊन वाटून घेतलेत. आपला पश्चिम किनारा ५१ मध्ये येतो, पूर्व किनारा ५७ मध्ये. हे रकाने दोन्ही आकड्यांना सारखे लावले असते तर निम्मं कोडं तिथेच सुटलं असतं. इथपर्यंत मी मानकांच्या बाजूचा वकील आहे.

आता उलटतपासणी.

युरोपने या क्षेत्रात फार मोठं काम केलं. 'फ्लक्स' नावाचं मानक आहे, संयुक्त राष्ट्रांच्या यूएन-सीफॅक्ट या व्यापार-मानकं करणाऱ्या संस्थेकडून आलेलं. नाव उलगडलं तर अर्थ होतो, जगभरच्या देवाणघेवाणीसाठी मासेमारीची भाषा. होडी निघाली, जाळं टाकलं, मासा मिळाला, इतका फेकला, दुसऱ्या जहाजावर इतका चढवला, बंदरात आली, उतरवला, विकला. प्रत्येक घटनेचा एक ठरावीक संदेश, ठरावीक साच्यात, एका देशाच्या यंत्राकडून दुसऱ्या देशाच्या यंत्राकडे. डॅनिश होडी स्कॉटलंडच्या बाजूला मासे उतरवते तेव्हा दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांना एकच गोष्ट वाचायला मिळते. तांत्रिक काम म्हणून मी टोपी काढतो. साचे सगळ्यांना वाचायला मोकळे आहेत, जातीचे कोड ॲस्फिसचे, जाळ्यांचे कोड एफएओचे.

पण कुठलाही मजकूर कुणासाठी लिहिलाय हे समीक्षकाने विचारायचं असतं. फ्लक्स वाचलं की लक्षात येतं, याचा वाचक निरीक्षक आहे. युरोपात कोटा असतो: या देशाने या जातीचा इतकाच मासा पकडायचा. कोटा पाळला जातोय का हे पाहण्यासाठी ही भाषा जन्मली. म्हणून तिच्यात होडी ही संशयित आहे आणि प्रत्येक वाक्य म्हणजे जबाब आहे. 'निघालो तेव्हा किती वाजले होते?' यात वाईट काही नाही, त्यांच्या समुद्राला त्याची गरज होती. माझा आक्षेप 'युनिव्हर्सल' या शब्दाला आहे. आपल्याकडे माशाला कोटा नाही. आपल्याकडे पावसाळी बंदी आहे, जाळ्याच्या आसाचे नियम आहेत, कुठल्या होडीने किनाऱ्यापासून किती आत यायचं याचे नियम आहेत, आणि आता राज्याने ५४ जातींना किमान कायदेशीर लांबी ठरवून दिली आहे. आपले प्रश्न वेगळे, मग जबाबही वेगळे हवेत.

लांबीवरून आठवलं, थोडं विषयांतर होईल पण करतो. माशाची लांबी म्हणजे नेमकं काय? तोंडापासून शेपटीच्या टोकापर्यंत, शेपटीच्या खाचेपर्यंत, की शेपटी सुरू होते तिथपर्यंत? तिन्ही रीती जगात चालतात. पापलेटाची शेपूट किती खोल दुभंगलेली असते ते आठवा. फॉर्ममध्ये नुसतं 'लांबी' लिहिलं तर एकाच माशाची तीन वेगळी उत्तरं येतील, आणि त्यातल्या एका उत्तराने मासा कायदेशीर ठरेल, दुसऱ्याने बेकायदा. रकान्याचं नाव अर्धवट ठेवण्याची किंमत बंदरावरचा माणूस दंडाच्या रूपात भरतो.

आणि पापलेटच धरलंय तर पुढचंही ऐका. वर्षानुवर्षं आपलं पापलेट शास्त्रीय कागदांत 'पॅम्पस अर्जेन्टियस' या नावाने जात होतं. २०१९ मध्ये आपल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की उत्तर हिंदी महासागरातलं पापलेट ही वेगळी जात आहे. १८२९ मध्ये क्यूव्हियेने दिलेलं आणि मग अडगळीत पडलेलं 'पॅम्पस कँडिडस' हे नाव त्यांनी पुन्हा उभं केलं. २०२३ मध्ये महाराष्ट्राने पापलेटाला राज्य मासा जाहीर केलं. म्हणजे मासा जाळ्यात तोच, ताटात तोच, कागदावर दुसरा. मग जुन्या नोंदींचं काय करायचं? नोंद करताना 'नावांच्या कुठल्या यादीप्रमाणे, कुठल्या सालच्या' हे लिहिलं असेल तर नोंदी नव्या नावावर सुखरूप नेता येतात. जीवशास्त्रातले लोक यात मत्स्य-आकडेवारीवाल्यांच्या पुढे आहेत. २००९ मध्ये मान्य झालेलं त्यांचं डार्विन कोअर हे मानक नावाच्या जोडीला नावाचा क्रमांक नोंदवायला जागा देतं, आणि 'वर्म्स' या सागरी जीवांच्या जागतिक नोंदवहीत जुनं नाव टाकलं की आजचं मान्य नाव समोर येतं. मासळीच्या सरकारी कोष्टकात मात्र नाव एकदा छापलं की दगडावरची रेघ.

आता जाळी. जाळ्यांचंही एफएओचं वर्गीकरण आहे, १९८० पासूनचं, २०१६ मध्ये सुधारलेलं. रापण त्यात 'ओढजाळी' गटात जाते, पर्ससीन 'घेरजाळी' गटात. सिंधुदुर्ग-गोव्याच्या बाजूला या दोघांचं काय वैर आहे हे इथे सांगायला नको. वर्गीकरणाने त्यांना वेगळ्या खोल्या दिल्या हे बरंच झालं. पण डोल? खुंटांना बांधलेली, भरती-ओहोटीच्या ओढीवर तोंड उघडून उभी असलेली, आपल्या बोंबलाची डोल. ती 'सापळे' या गटात, खेकड्याच्या पिंजऱ्याशेजारी. तर्काने बरोबर आहे, कारण डोल माशामागे जात नाही, माशाची वाट पाहते. पण डोलीची मेहनत मोजायची कशी? ट्रॉलर किती तास ओढला हे विचारता येतं. डोलीला विचारायचं, किती भरत्या उभी होती, उधाणाच्या होत्या की भांगाच्या. कोळ्यांचं सगळं गणित तिथीवर चालतं. मी पाहिलेल्या एकाही तयार फॉर्ममध्ये तिथीचा रकाना नव्हता. आणि तो नसल्यामुळे अष्टमीचा कमी मासा आणि समुद्रातच कमी झालेला मासा यातला फरक आकड्यात दिसत नाही.

माझ्यावर कोणी उलटून म्हणेल, बोलणं सोपं आहे, करून दाखवा. केलं होतं. फसलं. तेही सांगतो, कारण फसण्यात या विषयाचा गाभा आहे.

काही वर्षांपूर्वी एका खाडीकाठच्या गावात, गावाचं नाव घेत नाही, मी आणि एका मित्राने मोबाइलवर मासळीची नोंद ठेवायचा प्रयत्न केला. ओडीके नावाची खुली, फुकट अवजारं आहेत. फॉर्म तयार करा, फोनवर टाका, नेट नसलं तरी चालतं, नेट आलं की नोंदी आपोआप वर जातात. अवजार म्हणून झकास. आम्ही फॉर्ममध्ये सगळे कोड शुद्ध ठेवले. एक पाटी म्हणजे २५ किलो असं मी ठरवून टाकलं. पहिल्याच आठवड्यात लिलावाला बसणाऱ्या एका मावशींनी मला वेड्यात काढलं. म्हणाल्या, "जवळ्याची पाटी आणि बोंबलाची पाटी एक कशी होईल रे? आणि घेणाऱ्याची पाटी शिगोशीग असते, देणाऱ्याची काठोकाठ, ते कोण लिहिणार?" युरोपच्या फॉर्ममध्ये कॉड अख्खा उतरवला की पोट साफ करून, यासाठी कोड आहेत आणि वजन परत अख्ख्या माशाचं करायला गुणक आहेत. शहाणपणाची गोष्ट. पण मावशींच्या पाटीचा गुणक कुठे आहे? तो त्यांच्या डोक्यात आहे. मी मूळ 'तीन पाट्या' पुसून '७५ किलो' लिहीत गेलो आणि परतीची वाट बंद केली. आज मला कोणी बरोबर गुणक आणून दिला तरी त्या नोंदी दुरुस्त होणार नाहीत.

दुसरी चूक याहून मोठी. दोन हंगाम झाल्यावर एका वयस्कर तांडेलकाकांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "दोन वर्षं तुला सांगतोय. आता आमचं पान आम्हाला दाखव." मी लॅपटॉप उघडला. फाइल अगदी मानकाप्रमाणे होती, जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेने विनातक्रार वाचली असती. काकांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "यात आमचा बोंबील कुठाय?" तीन रोमन अक्षरांवर बोट ठेवून मी सांगितलं, हा. ते काही बोलले नाहीत. पुढच्या हंगामात नोंदी कमी-कमी होत गेल्या आणि मग थांबल्या.

ती फाइल खुली होती का? परवाना खुला, साचा खुला, सॉफ्टवेअर खुलं. फक्त ज्याने ती भरली त्याला ती वाचता येत नव्हती. माझी या सगळ्या मानकांबद्दलची मुख्य तक्रार हीच आहे. त्यात वर जाण्याचा रस्ता सहापदरी आहे आणि खाली येण्याची साधी पायवाट नाही. ॲस्फिसमध्ये इंग्रजी, फ्रेंच, स्पॅनिश नावं आहेत, काही नोंदींना अरबी, चिनी, रशियनही आहेत. मराठी नाही, मल्याळम नाही. फिशबेसमध्ये मराठी नावं सापडतात, बहुधा रोमन लिपीत, पण ती कुठल्या गावची हे कळत नाही.

हे जमूच शकत नाही असं समजू नका. तिमोर-लेस्ते हा इंडोनेशियाशेजारचा छोटा देश. तिथे वर्ल्डफिश संस्थेने सरकारबरोबर 'पेस्कास' नावाची व्यवस्था उभी केली, २०२० मध्ये त्यावरचा शोधनिबंधही आला. लहान होड्यांवर सौरऊर्जेवर चालणारे ट्रॅकर, किनाऱ्यावर फॉर्म भरणारी माणसं, आणि पुढचं सगळं गणित आर भाषेतल्या उघड्या कोडमध्ये. निकाल वेबसाइटवर येतो आणि तो तेतुम भाषेतही वाचता येतो. मला यातलं आवडतं ते हे की अंदाज कसा काढला हे कोणालाही तपासता येतं. उत्तर अटलांटिकमध्ये आयसीईएस ही १९०२ पासूनची संस्था असंच करू लागली आहे. माशांचा साठा किती याचा हिशोब चार पायऱ्यांत लिहायचा, डेटा, मॉडेल, निष्पत्ती, अहवाल, आणि चारही स्क्रिप्ट जपून ठेवायच्या. सल्ला पटला नाही तर तुम्ही तेच गणित स्वतः चालवून पाहा. आकडा खुला करणं ही अर्धी गोष्ट. आकड्यापर्यंत कसे आलो हे खुलं केलं की दुसऱ्याला भांडता येतं.

आपल्याकडे हे का तातडीचं आहे, सांगतो. किनाऱ्यावर बंदर, पूल, भराव असा काही प्रकल्प येतो. जनसुनावणी होते. प्रकल्पाच्या अहवालात मासेमारीवर एक प्रकरण असतं आणि त्यात जिल्ह्याचे किंवा राज्याचे टनांचे आकडे असतात. कोळीवाड्यातला माणूस उभा राहून म्हणतो, याच खडकाच्या आत आमच्या डोली लागतात, आजोबांपासून. समोरून प्रश्न येतो, नोंद आहे का? नोंद नसते. २०१० च्या गणनेत महाराष्ट्रात ४५६ मच्छीमार गावं आणि मासळी उतरवण्याची १५२ केंद्रं होती. नमुना-पाहणी राज्याचा अंदाज उत्तम देते, पण एका गावाचा आकडा सांगणं हे तिचं कामच नाही. म्हणजे जिथे आकड्याची सर्वांत जास्त गरज, तिथेच तो नसतो. आणि गावाचा आकडा नाही याचा अर्थ त्या सुनावणीत शून्य असा घेतला जातो. मघाचा कोरा रकाना आठवा.

गंमत म्हणजे नोंदी असतात. मच्छीमार सहकारी संस्थेकडे डिझेलची वही असते. करपरताव्यासाठी कुठल्या होडीला कधी किती डिझेल दिलं हे लिहावंच लागतं. बर्फाचा हिशोब असतो. लिलावाच्या चिठ्ठ्या असतात. आमच्या त्या गावात कपाटभर वह्या होत्या आणि मी त्यांच्याकडे ढुंकूनही न बघता नवा फॉर्म घेऊन गेलो होतो. सॉफ्टवेअरवाल्या माणसाचा हा जुना रोग. असलेलं वाचायच्या आधी नवं भरून घ्यायला बसतो.

वेळ होत आलीय, प्रश्न घेऊ.

प्रश्न: मग मराठी मच्छीमारांसाठी वेगळं मानक करावं, असं तुमचं म्हणणं आहे का?

नाही, कृपा करून नको. मानकं पुष्कळ आहेत. जगापासून तुटलेलं आणखी एक केलं तर त्याचीही ममीच होईल. मला हवंय ते फार स्वस्त आहे. एक जोडतक्ता. डाव्या बाजूला गावातलं नाव, देवनागरीत, कुठल्या गावचं ते लिहून. उजव्या बाजूला ॲस्फिसचा कोड आणि वर्म्सचा क्रमांक. जाळ्यांसाठी तसाच एक. पाटी, टोपली, क्रेट यांच्यासाठी तसाच, कुठल्या माशाची आणि कुठल्या महिन्यातली हे लिहून. तो तक्ता खुल्या परवान्याखाली ठेवायचा म्हणजे कोणीही दुरुस्त करेल. आणि नोंदीत माणसाने उच्चारलेला मूळ शब्द कधीही पुसायचा नाही, कोड त्याच्या शेजारी लिहायचा. 'इतर' लिहायची वेळ आलीच तर तो 'इतर' म्हणताना काय म्हणाला, तेही लिहायचं.

प्रश्न: तांडेल आपली मासे मिळण्याची जागा कोणाला सांगत नाही. सगळं खुलं केलं तर त्याचं नुकसान नाही का? आता तर होड्यांवर ट्रान्सपॉन्डर बसतायत.

हा आजचा सगळ्यात चांगला प्रश्न. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघरलाच त्या योजनेचा प्रारंभ झाला. देशभरात एक लाख होड्यांवर इस्रोने विकसित केलेले ट्रान्सपॉन्डर बसवायचे आहेत. संकटात दोन्हीकडून संदेश जातो, वादळाची सूचना मिळते, सरहद्द जवळ आली तर कळतं. जीव वाचवणारी गोष्ट आहे, तिला विरोध करायचं कारण नाही. त्याच दिवशी, त्याच कार्यक्रमात वाढवण बंदराचं भूमिपूजनही झालं, ज्याला तिथले मच्छीमार विरोध करत आलेत. मला त्या दोन गोष्टी एकत्र आठवतात. होडी कुठे-कुठे थांबली याची नोंद आता तयार होणार. ती नोंद निरीक्षकाला दिसणार, हे नक्की. पण उद्या सुनावणीला उभं राहताना नाखव्याला स्वतःच्या होडीची पाच वर्षांची नोंद मागितल्यावर मिळेल का? कुठल्या साच्यात मिळेल? संस्थेतल्या सगळ्या होड्यांची नोंद एकत्र करून, कुणा एकाची जागा ओळखू येणार नाही अशा मोठ्या चौकोनांत नकाशावर मांडता येईल का? तांत्रिकदृष्ट्या यात अवघड काही नाही. चौकोन मोठे केले की तांडेलाचं गुपित राहतं आणि गावाचा हक्क दिसतो. चौकोन किती मोठा, हे मात्र त्याला विचारून ठरवायचं. ट्रान्सपॉन्डर बसवून घेताना कागदावर सही करावी लागत असेल तर सहीच्या आधी संस्थेने हे प्रश्न लेखी विचारावेत. इथे दोन संस्थांचे पदाधिकारी बसलेत, त्यांच्यासाठी मी मसुदा करून आणलाय, मराठीत, एक पान. चहाच्या वेळी देतो.